नदीपलीकडचं मत

टर्नी बेंड गावात एनॉस टॅकेटबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधूनही सापडला नसता. मिसूरी नदी कोपरासारखी वळते तिथलं हे गाव. धक्क्यावरून चढण चढून वर आलं की पहिलंच दुकान त्याचं. तो गाडीची चाकं करायचा. त्याचा बाप केंटकीच्या डोंगरातून काही न घेता आला आणि काही न ठेवता गेला. एनॉसकडे जमीन नव्हती, गुलाम नव्हते. हातात कला होती आणि जीभ अशी की कुणाला ओरखडा उठू नये. वाण्याच्या दुकानात गुलामांवरून वाद पेटला की हा आपल्या पटाशीची धार अंगठ्यावर तपासत बसे. कुणी अगदीच टोचलं तर म्हणे, "मला बाबा लाकडातलं कळतं." लोक हसत, विषय निघून जाई. यालाच तो शहाणपण समजायचा, आणि बरीच वर्षं ते त्याला पुरलंही.

चाक लाकडाचं तयार झालं तरी लोखंडी धाव चढल्याशिवाय ते रस्त्याला लागत नाही, आणि धाव चढवायला लोहार लागतो. एनॉसचा लोहार म्हणजे वायली. वायली कर्नल प्रुएटचा गुलाम. कर्नलची तागाची शेती गावाच्या निम्म्या शिवारावर पसरलेली. दर शनिवारी कर्नल वायलीला एनॉसकडे भाड्यानं धाडी आणि भाडं स्वतः घेई. धाव जाळात लालबुंद करायची, दोघांनी दोन बाजूंनी सांडशीत धरून चाकावर बसवायची, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. चूक झाली तर दोघांचेही हात भाजायचे. वायलीच्या डाव्या हाताची करंगळी अशाच कुठल्या तरी जुन्या चुकीत गेलेली. धाव थंड होऊन आवळली की तो चाकावर हातोडीनं टिचकी मारी, कान लावी आणि म्हणे, "एनॉस साहेब, नवरीच्या बोटात अंगठी बसली. आता सासरी धाडा."

"वायली म्हणजे माझा दोस्तच," एनॉस एकदा बायकोला म्हणाला.

लवीना भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "हो का? मग त्याच्या बायकोचं नाव काय, सांगा बरं."

एनॉसला ते माहीत नव्हतं. वायलीला बायको आहे हेही त्याला तेव्हाच कळलं.

अठराशे चोपन्न साली नदीपलीकडचा कॅन्ससचा मुलूख वसाहतीला खुला झाला. तिथं गुलाम ठेवायचे की नाहीत, हे तिथं राहणाऱ्यांनीच मतं देऊन ठरवावं, असं वॉशिंग्टनच्या लोकांनी ठरवलं. स्वतःला न सुटलेलं भांडण त्यांनी गवताळ माळावर ढकलून दिलं, झालं. मग पूर्वेकडून गाड्यांची रांग लागली. गाड्या म्हटल्या की चाकं आलीच, तेव्हा एनॉसला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही.

त्या शरद ऋतूत कनेक्टिकटचं एक कुटुंब त्याच्या दारात आलं. जोएल ब्रेनर्ड हा चीज करणारा माणूस, उंच, वाकलेला, बोलताना टोपी हातात फिरवायची सवय. त्याची बायको ऑर्फा, आणि कडेवर तापानं फणफणलेली तान्ही पोर. मागच्या चाकाचे चार आरे मोडलेले. काम चार दिवसांचं होतं, म्हणून लवीनानं त्यांना घरातच ठेवून घेतलं. पोरीला तिनं कसला कसला पाला उकळून पाजला, रात्र रात्र मांडीवर घेतलं. पोरीचा ताप उतरला. ऑर्फा लवीनाच्या गळ्यात पडून रडली.

निघायच्या दिवशी ब्रेनर्ड टोपी फिरवत एनॉसला म्हणाला, "आम्ही एल्म क्रीक ओढ्यावर राहणार. नावेच्या जुन्या उतारापासून ओढ्याच्या काठाकाठानं वर यायचं. तीन कॉटनवुडची झाडं एका जागी दिसली की डाव्या हाताला आमचं घर. या तुम्ही. एक सांगू? मिसूरीत आम्हाला सगळ्यांनी चोरासारखं बघितलं. माणसासारखं तुम्हीच वागवलंत."

एनॉसला इतकं बरं वाटलं की तो संध्याकाळभर शीळ घालत होता.

पुढच्या वर्षी मार्च महिन्यात पलीकडच्या मुलखाच्या कायदेमंडळासाठी निवडणूक लागली. मत तिथल्या रहिवाशांनी द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कर्नल प्रुएट डॅब्नी वाण्याच्या दुकानात पिंपावर चढून उभा राहिला आणि म्हणाला, "पलीकडे या उत्तरेकडच्या यांकींचं राज्य झालं तर आपले गुलाम रातोरात नदी ओलांडतील. तेव्हा गड्यांनो, गाड्या जुंपा. एक दिवस आपणही कॅन्ससचे रहिवासी होऊ!"

टाळ्या पडल्या. कर्नलची नजर कोपऱ्यात गेली. "टॅकेट, गाड्यांची चाकं तुझीच आहेत. तू आलास तर वाटेत दुरुस्तीचीही सोय होईल."

"मला बाबा लाकडातलं..." एनॉसनं सुरुवात केली.

"लाकडातलंच काम आहे रे!" डॅब्नी ओरडला. "चिठ्ठी लाकडाच्याच पेटीत टाकायची असते. की यांकी पाहुण्यांचं चीज अजून जिभेवर आहे?"

दुकान हसलं. एनॉसही हसला. आणि हसता हसताच त्यानं मान हलवली. पुढं आयुष्यभर त्याला त्या हसण्याची आठवण झाली की कान तापायचे. कुणी धमकी दिली नव्हती, पिस्तूल रोखलं नव्हतं. चार माणसं हसली, एवढंच.

घरी लवीनानं विचारलं, "अहो, तिकडं आपली जमीन नाही, गोठा नाही, चूल नाही. मत कसलं देताय?"

"सगळेच चाललेत गं. मी एकटा मागं राहिलो तर गाव काय म्हणेल?"

"आणि ते लोक काय म्हणतील? ती पोर माझ्या मांडीवर..." ती मध्येच थांबली. "जा. तुमचं तुम्हाला कळतं."

शनिवारी वायली धावा तपासायला आला. पाच गाड्या ओळीनं उभ्या होत्या. तो एकेका चाकाखाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बऱ्याच लांब जायचंय वाटतं, साहेब."

"पलीकडं जत्रा आहे," एनॉस म्हणाला.

"असं," वायली म्हणाला आणि सैल झालेली धाव ठोकू लागला. ती निवडणूक कशासाठी आहे हे कर्नलच्या तागाच्या कोठारात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. वायलीनं त्या दिवशी एकही थट्टा केली नाही. काम मात्र चोख केलं.

दोन दिवसांचा प्रवास. व्हिस्कीचं पिंप, भाजलेली डुकराची मांडी, एक व्हायोलिनवाला. ओळख पटावी म्हणून प्रत्येकानं कोटाच्या काजात तागाचा झुबका खोवला होता. एनॉसनंही खोवला. मुक्काम पडला तो एल्म क्रीकवर. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. तीन कॉटनवुडची झाडं दिसली तेव्हा तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

मतदान एका ओंडक्यांच्या झोपडीत होतं. निवडणुकीचे तीन पंच आत बसलेले, मतदारांनी खिडकीशी जाऊन शपथ घ्यायची आणि चिठ्ठी द्यायची. त्या वस्तीत मतदार असतील पन्नास-साठ, आणि खिडकीसमोर सहाशे माणसं रेटारेटी करत होती. गर्दी इतकी दाट की मत देऊन झालेल्याला मागं फिरायला वाट नव्हती. त्याला वर उचलून छपरावर ढकलत, आणि तो पलीकडच्या बाजूनं उडी मारी. दर उडीला आरोळी उठे. खरंच जत्रा होती.

एनॉस रेटत रेटत खिडकीशी पोचला, आणि आत टोपी मांडीवर घेऊन ब्रेनर्ड बसलेला.

ब्रेनर्डचा चेहरा उजळला. "टॅकेट! अहो, तुम्ही इकडे कसे?" आणि मग त्याची नजर कोटाच्या काजाकडे गेली. तो काही वेळ तिथंच बघत राहिला. दुसरा पंच, एक तरुण शेतकरी, दमलेल्या आवाजात म्हणाला, "या मुलखाचे रहिवासी आहात का?"

एनॉसनं मागं वळून पाहिलं.

"बोल की रे!" मागून कुणी कोपर मारलं.

"आहे," एनॉस म्हणाला.

"राहता कुठे?" हे ब्रेनर्डनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. जणू तो अजूनही आशा धरून होता, की हा माणूस काहीतरी वेगळं सांगेल.

"आपल्या बुटात राहतो तो!" मागून डॅब्नी ओरडला. लोक खदाखदा हसले. कुणीतरी पिस्तुलाच्या मुठीनं खिडकीची चौकट ठोकली.

"इथंच... ओढ्याकाठी," एनॉस म्हणाला.

ब्रेनर्डनं बायबल खिडकीत सरकवलं. एनॉसनं त्यावर हात ठेवला. शपथेचे शब्द ब्रेनर्ड सांगत गेला आणि हा म्हणत गेला. शब्द संपेपर्यंत ब्रेनर्डनं मान खाली घातली होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर एनॉसला सोसलं असतं. पण लाजेनं मान खाली घातली होती ती ब्रेनर्डनं, आणि शपथ खोटी होती ती एनॉसची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं चिठ्ठी दिली. दोन हातांनी त्याला बखोटीला धरून वर उचललं आणि छपरावर फेकलं.

छपरावरून त्याला ऑर्फा दिसली. गर्दीपासून दूर, पोरीला कडेवर घेऊन उभी होती. पोर चांगली गुटगुटीत झाली होती. ऑर्फानं त्याला ओळखलं आणि हात वर करून हलवला. पोरीचाही हात धरून हलवला. मग तिला ताग दिसला असावा, किंवा तो छपरावर का आहे हे उमगलं असावं. तिचा हात हळूहळू खाली आला. एनॉस पलीकडच्या बाजूनं उतरला. उडी मारली नाही, घसरत घसरत पडला. लोकांनी त्यालाही आरोळी दिली.

घरी आल्यावर लवीनानं त्याचा कोट घेतला. कोट झटकताना तागाचे धागे निघाले, ते तिनं चुलीत टाकले.

अशा मतांवर निवडून आलेल्या मंडळानं उन्हाळ्यात कायदे केले. गुलामाला पळून जायला मदत करणाऱ्याला फाशी, हा त्यातला एक. डॅब्नीनं तो दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला. वायली तेव्हा दाराशी कर्नलच्या घोड्याची नाल ठोकत होता. एनॉस पटाशीची धार बघू लागला, पण हातात पटाशी नव्हती. ती तो घरी विसरून आला होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चाकावर धाव बसली, पाण्याची वाफ विरली. वायलीनं टिचकी मारली, कान लावला, आणि कान तसाच चाकाला लावून ठेवून हलक्या आवाजात बोलला.

"एनॉस साहेब, एक विचारू?"

"विचार की."

"माझी बायको केझाया. ती कर्नलच्या विधवा बहिणीकडं आहे. बाईसाहेब पुढच्या महिन्यात टेक्ससला चालल्यात कायमच्या. सगळी माणसं घेऊन."

एनॉस रिकामी बादली बाजूला ठेवू लागला.

"मागल्या वर्षी ते चीजवाले लोक आले होते ना, ज्यांची पोर आजारी होती. त्यांतली बाई मला बाहेर येऊन भाकरी देऊन गेली होती. आपल्या हातानं. ते लोक पलीकडं नेमके कुठं राहतात?"

नावेच्या जुन्या उतारापासून ओढ्याच्या काठाकाठानं वर. तीन कॉटनवुड. डाव्या हाताला. एनॉसच्या डोळ्यांसमोर ती झाडं उभी राहिली, ते छप्पर उभं राहिलं, आणि डॅब्नीच्या हातातला कायद्याचा कागद.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

वायलीनं चाकावरचा कान काढला. त्यानं एनॉसकडे पाहिलं, फार वेळ नाही. "बरं," तो म्हणाला. "चाक झकास बसलंय, साहेब." आणि सांडशी जागेवर टांगून निघून गेला.

पुढचा शनिवार आला, वायली आला नाही. तो आणि केझाया नदी ओलांडून गेल्याचं गावभर झालं. कर्नलची माणसं कुत्री घेऊन पलीकडे गेली. तीन दिवसांनी ती वायलीला दोरानं बांधून घेऊन आली. तो कसा सापडला ते डॅब्नी रंगवून सांगत होता.

"अरे, मूर्खानं ओढ्याकाठचं कुठलं दार ठोठावावं? आपल्या मॅकलिनचं! व्हर्जिनियाचा मॅकलिन, आपल्याच पक्षाचा! त्यानं 'ये बाबा, बस, जेव' म्हणत बसवून घेतलं आणि पोराला आपल्याकडे पिटाळलं. तिथून कोसभर वर गेला असता तर सगळी यांकींचीच घरं! लोहाराला नशिबानं दगा दिला, दुसरं काय!"

बाई मात्र सापडली नाही. ती न कापलेल्या मक्यात लपली होती, म्हणे.

वायलीला बोटीवर चढवून दक्षिणेला विकायला नेलं, तेव्हा धक्क्यावर जायचा रस्ता एनॉसच्या दुकानावरूनच जात होता. बेड्यांचा आवाज त्यानं आतून ऐकला. तो बाहेर आला नाही. हातात अर्धवट आरा धरून तो मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आवाज दारासमोर आल्यावर जरासा थांबला, की त्याला तसं वाटलं, हे त्याला कधीच ठरवता आलं नाही.

लवीनाला त्यानं वायलीच्या प्रश्नाबद्दल सांगितलं नाही. जेवण उतरेनासं झालं तेव्हा तिला वाटलं, मतदानाची टोचणी आहे. पुढच्या वसंतात वॉशिंग्टनहून तीन माणसांची समिती आली. खोटी मतं कुणी दिली याची चौकशी करायला ती पलीकडे बसली होती, आणि मिसूरीच्या लोकांनीही यावं असं सांगत होती.

"जा," लवीना म्हणाली. "खरं सांगून या. मग बघू काय होतं ते."

तो गेला. बायबलवर पुन्हा हात ठेवला आणि सांगितलं: मी टर्नी बेंडचा, मी इथला कधीच नव्हतो, मी मत दिलं, शपथ खोटी होती. समितीतल्या एकानं विचारलं, "तुम्हाला कुणी जबरदस्ती केली?" तो म्हणाला, "नाही, साहेब." "पैसे दिले?" "नाही." "मग का गेलात?" शेवटी म्हणाला, "सगळे हसत होते, म्हणून." लोक हसले नाहीत. ते त्यांनी तसंच लिहून घेतलं.

बाहेर ब्रेनर्ड साक्षीसाठी थांबला होता. "बरं केलंत," तो म्हणाला. एनॉसनं हात पुढं केला. ब्रेनर्डनं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ती त्यानं सोडली नाही. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण ते न बोलताच तो आत गेला. खोट्या शपथेचा राग अजून गेलेला नाही, असं एनॉसनं मनाशी म्हटलं.

टर्नी बेंडमध्ये परत आला तर दुकानाची दारं मोडलेली, लाकूड नदीत फेकलेलं. कर्नलनं एकच निरोप धाडला: तुझ्या हातची चाकं आता आमच्या रस्त्याला नकोत. नवरा-बायको एका गाडीत मावेल तेवढं घेऊन उत्तरेला आयोवात गेले आणि न्यू हेब्रॉन नावाच्या गावी स्थिरावले. ते गाव गुलामीविरुद्धच्या कडव्या लोकांचं. तिथं एनॉसची कीर्ती त्याच्या आधीच पोचलेली. "हाच तो मिसूरीचा माणूस, कर्नलच्या नाकावर टिच्चून खरं बोलला!" चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन हॉलब्रुकनं त्याला तिथं पुढच्या बाकावर बसवलं. दर रविवारी कुणी ना कुणी येऊन हात हातात घेई. एनॉस खाली बघून हात सोडवून घेई, आणि लोक म्हणत, किती विनयी माणूस! त्या गावात त्याला जितकी लाज वाटली, तितकी छपरावरही वाटली नव्हती. लवीनाला तो म्हणे, पुढच्या बाकावर थंडी लागते, मागं बसू. पण बाक काही बदलला नाही.

सत्तावन्नच्या नोव्हेंबरात कॅन्ससकडून एक गाडी आली. तिच्यात गुलामीतून पळून उत्तरेकडे निघालेली काही माणसं होती. बर्फ लवकर पडल्यामुळे ती गावातच अडकली, आणि डीकननं घरोघर एकेकाची सोय लावली. एनॉसच्या दारात तो एका काळ्या बाईला घेऊन आला. चाळिशीची, ताठ, डोक्याला करड्या कापडाचा फेटा. "आमच्या गावातलं सगळ्यात भरवशाचं घर," डीकन तिला म्हणाला आणि पुढं गेला.

बाई उंबऱ्यावरच थांबली. दुकानाच्या पाटीवरचं नाव तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं असावं. "टॅकेट," ती म्हणाली. "टर्नी बेंडचे टॅकेट?"

"हो," लवीना म्हणाली. "या ना आत. बाहेर कडाक्याचं आहे."

"मी केझाया. वायलीची बायको."

एनॉस उभा राहिला. गेली दोन वर्षं त्यानं मनात जुळवून ठेवलेलं सगळं त्या क्षणी पळालं. "बाई, तुम्हाला..." तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एका काळ्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं होतं, आणि ते त्याच्या तोंडात लाकडाच्या कुसळासारखं रुतलं. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. वायलीनं मला विचारलं होतं..."

"मला माहीत आहे," केझाया म्हणाली. "त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, एनॉसला ठाऊक आहे, पण तो भेदरलाय. म्हणाला, त्याला बोल लावू नको, त्यालाही याच गावात राहायचंय." तिनं फेट्यावरचा बर्फ झटकला. "वायलीनं नाही लावला. मी लावते."

लवीनाच्या हातात परात होती. ती तिनं खाली ठेवली. "काय विचारलं होतं?" ती म्हणाली. "अहो, काय विचारलं होतं त्यानं?"

एनॉसला बोलावंच लागलं. ओढा, झाडं, डावा हात, सगळं. बोलून संपल्यावर लवीनानं चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"मक्यातून मला त्या मॅकलिनचं दार दिसत होतं," केझाया म्हणाली. "त्यानं ठोठावण्याआधी कपडे झटकले. चांगलं दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ओढ्यानं वर गेले, आणि चीजवाल्या बाईचं घर लागलं. जवळ होतं हो. फार जवळ होतं."

ब्रेनर्डनं टोपी का सोडली नव्हती, ते एनॉसला आता कळलं.

"दुसऱ्या घरी सोय करून देते मी तुमची," लवीना म्हणाली.

"तुमच्यावर माझा राग नाही, बाई. घर गरम आहे. पण यांच्यासोबत एका टेबलाशी मला जेवता यायचं नाही."

"मी दुकानात जेवतो," एनॉस म्हणाला.

तो हिवाळा तसाच गेला. आत दोघी बायका जेवत, शिवत, कधी हलक्या आवाजात हसतसुद्धा. एनॉस लाकडाच्या भुशात बसून मक्याची भाकरी खाई. लवीना ताट आणून ठेवी आणि आत जाई. पहिल्याच रविवारी त्यानं पुढचा बाक सोडला. डीकननं कारण विचारलं तेव्हा त्यानं ते सांगितलं, प्रार्थनेआधी, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर कुणी हात हातात घ्यायला आलं नाही. त्याला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त कामं कमी झाली.

बर्फ वितळल्यावर केझाया कॅनडाला गेली. जाताना तिनं लवीनाला मिठी मारली. एनॉस गाडीपाशी उभा होता, त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "वायलीचं काही कळलं तर डीकनला सांगा. तो मला कळवेल." एवढंच.

मग युद्ध झालं आणि ज्या गुलामीवरून भांडण होतं ती संपली. शांतता झाल्यावर पुढच्या वर्षी, साठीला आलेला एनॉस दक्षिणेला निघाला. लवीनानं त्याला अडवलं नाही. भाकरी बांधून दिली. तो नदीकाठच्या गावागावांतून लोहारांच्या भट्ट्या शोधत हिंडला. "वायली नावाचा लोहार, डाव्या हाताला करंगळी नाही." काही ठिकाणी लोकांनी मान हलवली, काही ठिकाणी गोऱ्या माणसाला उत्तर द्यायलाच कुणी पुढं आलं नाही, आणि त्याचं त्याला नवल वाटलं नाही. शेवटी लुइझियानात, उसाच्या एका मोठ्या मळ्यावर, पांढऱ्या केसांची एक स्वयंपाकीण म्हणाली, "होता की. चाकाला कान लावायचा. एकोणसाठ साली तापानं गेला. त्या पलीकडच्या रांगेत पुरलाय."

एनॉस त्या रांगेपाशी गेला. पाट्या नव्हत्या, मातीचे उंचवटे होते. एका उंचवट्यावर मात्र शिंपले ओळीनं मांडलेले होते, नवे, स्वच्छ. त्याला वाटलं, मळ्यावरच्या कुणीतरी मांडले असतील. कुणी ते विचारायला तो थांबला नाही. त्याला घरी जाऊन निरोप पोचवायचा होता.

न्यू हेब्रॉनला पोचल्यावर तो धुळीच्या पायांनीच डीकनकडे गेला. "केझायाला कळवा. वायली सापडला. लुइझियानात आहे, पुरलेला. जागा मी नीट पाहून आलोय, कुठून कसं जायचं ते सगळं सांगतो."

डीकन म्हातारा झाला होता. त्यानं एनॉसला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ती जाऊन आली, टॅकेट," तो म्हणाला. "मागल्या शरदात. युद्ध संपलं त्याच वर्षी. जाताना इथूनच गेली, येतानाही इथूनच. माझ्या घरी तुझ्या लवीनाला भेटली होती. तिनं तुला सांगितलं नाही?"

एनॉसनं पाण्याचा पेला तसाच हातात धरला.

"माझ्यासाठी काही म्हणाली का ती?"

"नाही," डीकन म्हणाला.

एनॉसनं पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि तो घरी गेला. लवीना अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि समजली. "तुम्ही स्वतःहून निघाला होतात," ती म्हणाली. "मी कशाला अडवू?" मग तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पाय धुवायला पाणी गरम करत ठेवलं.